पाळी आली की खांदा का दुखतो?
ओटीपोटाबाहेरच्या एंडोमेट्रिओसिसविषयी, तपासणीला येण्याआधी

सिझेरियनच्या व्रणातली गाठ दर महिन्याला चार दिवस ठणकते. बेंबी काळीनिळी पडते, क्वचित तिच्यातून रक्तही येतं. उजवा खांदा विनाकारण धरतो. अशा तक्रारींसाठी सर्जन, हाडांचे किंवा छातीचे डॉक्टर गाठले जातात. त्यात चूक काहीच नाही. फक्त पाळीची तारीख सांगायची राहून जाते, आणि निदानाचा धागा नेमका तिथेच असतो.

गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर कुठेतरी वाढतात, तो हा आजार. बहुतेकदा त्या ओटीपोटातच असतात; पण आतड्याचा वरचा भाग, पोटाची भिंत, श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा), फुप्फुसाचं आवरण इथेही सापडतात. संप्रेरकं वर-खाली झाली की तिथेही सूज येते, रक्त झिरपतं. श्वासपटलाची नस मानेतून निघते, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं.

पाळी सुरू होण्याच्या आगेमागे, साधारण ७२ तासांत, अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली तर आमची अपॉइंटमेंट घेत बसू नका, थेट तातडीच्या विभागात जा. फुप्फुसाभोवती हवा साठलेली असू शकते. बहुधा उजव्या बाजूला. खोकल्यातून रक्त आलं तरी तेच करा.

व्रणातली गाठ सोनोग्राफीत सहसा दिसते, मात्र हर्निया किंवा टाक्याची गाठ समजून फसगत होते. खात्री बायोप्सीनेच. श्वासपटलासाठी एमआरआय. छातीचा सीटी स्कॅन पाळीच्या दिवसांत केला तर काही सापडण्याची शक्यता वाढते, तरीही तो कोरा येऊ शकतो. मग दुर्बिणीतून छाती पाहावी लागते. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आजार नाही, असं समजू नका, रिपोर्ट आमचा असला तरी! सीए-१२५ या रक्ततपासणीवर एकटीवर निदान ठरत नाही.

उपचार जागेवर अवलंबून. व्रणातल्या गाठीचं दुखणं गोळ्यांनी दबतं, पण गाठ सहसा राहते. म्हणून ती भोवतालच्या सुमारे १ सेंटिमीटर निरोगी भागासह काढतात. खड्डा मोठा झाला तर जाळी बसवतात. छातीत मात्र शस्त्रक्रियेनंतरही बऱ्याचदा संप्रेरकांची औषधं चालू ठेवतात, कारण आजार परततो. डायनोजेस्ट, गर्भनिरोधक गोळ्या, जीएनआरएच गटातली (बीजकोशाचं काम तात्पुरतं थांबवणारी) औषधं यांतलं काय द्यायचं हे तुमचे डॉक्टर ठरवतील. मूल हवं असेल तर ते आधीच सांगा. ही औषधं बीजनिर्मिती दाबतात.

येताना तीन महिन्यांचं कॅलेंडर आणा: पाळीच्या तारखा एका रंगात, दुखण्याच्या दुसऱ्या रंगात. जुन्या शस्त्रक्रियेचे कागद असतील तर तेही. वेळ ठरवताना पुढच्या पाळीची अंदाजे तारीख सांगितलीत, तर तपासणी त्याच दिवसांत बसवू.