‘जितकं खोल बोअर, तितकं जास्त पाणी’ हे खरं नाही

दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी साठतं ते मुरूम, भेगाळलेला खडक आणि मांजऱ्या, म्हणजे बारीक छिद्रं असलेल्या, खडकात. खाली अखंड काळा पाषाण लागला की बहुधा नुसती भुकटीच वर येते. उलट, खोल बोअर वरच्या थराला भोक पाडून शेजारची विहीर आटवू शकतं. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत, ते उगाच नाहीत.

बोअर घेण्याआधी गावातल्या विहिरींचा नकाशा करा. ऑक्टोबरमध्ये आणि मे महिन्यात प्रत्येक विहिरीची पाणीपातळी टेपने मोजा. पहाटे, मोटर सुरू होण्याआधीच. उपसा चालू असताना घेतलेलं माप फसवं. कठड्याची उंची वजा करा, नाहीतर दोन विहिरींची तुलनाच चुकते. विहिरीच्या भिंतीत कुठला खडक किती फुटांवर आहे, तेही लिहा. मुरमाचा थर उताराला जिथे उघडा पडतो, ती पुनर्भरणाची, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरण्याची जागा. तिथलं उत्खनन ग्रामसभेने थांबवावं.