अतिहुशार पोर पुढं बिघडतं? नाही!

"लई हुशार पोरगी, पुढं डोकं फिरतंय बघा," असं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडे आजही लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं. त्या भीतीपोटी चौथीतल्या मुलीच्या हातातलं सातवीचं गणिताचं पुस्तक काढून घेतलं जातं. हा समज चुकीचा आहे.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये नेमकं हेच तपासायला घेतलं. सुमारे १,५०० अतिहुशार मुलं निवडली आणि पुढं अनेक दशकं त्यांचा मागोवा घेतला गेला. तब्येत, नोकरी, संसार यांत ती चारचौघांच्या मागे नव्हती, बऱ्याच बाबतींत पुढंच होती. निवडीत सुखवस्तू गोऱ्या घरांतली मुलं जास्त होती, एवढं मात्र ध्यानात ठेवायला हवं.

मग त्रास कुठून येतो? बुद्धी आणि मन एकाच वेगानं वाढत नाहीत, तिथून. मोठाले भागाकार झटक्यात सोडवणारी तीच मुलगी लगोरीत हरली की ढसाढसा रडते, आणि आपण म्हणतो, "एवढी शहाणी असून रडतीस?" नऊ वर्षांची आहे ती, रडणारच! वर्गात तिची गणितं आधी झाली म्हणून इतरांच्या वह्या तपासायला बसवतात. ते शिकणं नव्हे. तिला अवघड गणित द्या, चुकू द्या. मराठीबरोबर कन्नड गोष्टींची पुस्तकंही द्या. तिच्या आवडीचं बोलणारी एखादी थोरली ताई भेटली तर फारच बरं. आणि पाहुण्यांपुढं पाढे म्हणायला उभं करणं आजपासून थांबवा.