पावसाचं वजन

‘काल ४० मिलिमीटर पाऊस झाला.’ मिलिमीटर हे तर लांबीचं एकक, मग पाऊस त्यात कसा मोजतात? पडलेलं पाणी मुरलं नसतं, वाहून गेलं नसतं, त्याची वाफही झाली नसती, तर सपाट जमिनीवर जेवढा थर साचला असता, त्याची ही उंची. पण या उंचीत वजनही दडलेलं आहे, आणि ते काढायला गुणाकार पुरतो.

एक मीटर लांब, एक मीटर रुंद फरशी घ्या. तिच्यावर पाण्याचा एक मिलिमीटरचा थर, म्हणजे जेमतेम नखाच्या जाडीपेक्षा थोडा जास्त. सगळं सेंटीमीटरमध्ये लिहू: १०० × १०० × ०.१ = १,००० घन सेंटीमीटर. म्हणजेच एक लिटर, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. थोडक्यात, एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक किलो.

हिशोब इतका सरळ येतो, तो योगायोगाने नाही. १७९५ साली फ्रान्समध्ये ग्रॅम ठरवला गेला तोच मुळी एक घन सेंटीमीटर पाण्यावरून. आज किलोग्रॅमची व्याख्या बदलली आहे, तरी नातं टिकून आहे. २५ अंश सेल्सियसला एक घनमीटर पाणी सुमारे ९९७ किलो भरतं. एवढा फरक इथे सोडून देता येतो.

चूक होते ती क्षेत्रफळात. एका किलोमीटरमध्ये हजार मीटर, म्हणून चौरस किलोमीटरमध्येही हजार चौरस मीटर, असं भलेभले धरून चालतात. खरं तर ते हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाख! तेव्हा एक चौरस किलोमीटरवर पडलेला एक मिलिमीटर पाऊस दहा लाख किलो, म्हणजे हजार टन भरतो. वरचा ४० मिलिमीटर पाऊस तेवढ्याच जागेवर ४०,००० टन. हे सगळं पाणी काही वेळापूर्वी हवेत होतं, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

सपाट गच्चीच्या बाबतीत हा हिशोब जरूर करावा. पाणी जाण्याची वाट तुंबून १०० चौरस मीटर गच्चीवर १० सेंटीमीटर पाणी साचलं, तर छतावर १० टनांचा भार येतो.

पर्जन्यमापकातही हेच गणित चालतं. काही यंत्रांत नरसाळ्याखाली दोन कप्प्यांची छोटी डोलती पन्हळ असते. नरसाळ्याचं तोंड २०० चौरस सेंटीमीटर आणि एका डोलण्याला ०.२ मिलिमीटर पाऊस असेल, तर २०० × ०.०२ = ४ घन सेंटीमीटर. चार ग्रॅम पाणी जमलं की पन्हळ कलंडते, टक् आवाज येतो आणि नोंद होते.