फुप्फुसाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया व किमोथेरपी

फुप्फुसातील गाठ शस्त्रक्रियेने काढायची आणि त्याआधी किंवा नंतर किमोथेरपी द्यायची, अशी ही जोड-उपचारपद्धती आहे. सुमारे ८५ टक्के रुग्णांत आढळणाऱ्या ‘नॉन-स्मॉल सेल’ प्रकारात, मुख्यतः दुसऱ्या टप्प्यात आणि तिसऱ्यातील निवडक रुग्णांत ती वापरतात. अगदी लहान गाठीला बहुधा शस्त्रक्रिया पुरते.

लोबेक्टॉमीत फुप्फुसाचा बाधित खंड आणि आसपासच्या लसीका ग्रंथी काढतात. तरीही आधीच निसटलेल्या, स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी मेंदूत, हाडांत, यकृतात रुजू शकतात. किमोचा रोख त्यांच्यावर असतो. सिस्प्लॅटिन आणि जोडीचे एक औषध दर तीन आठवड्यांनी, साधारण चार वेळा शिरेतून देतात. सिस्प्लॅटिनने मूत्रपिंडाला व श्रवणशक्तीला इजा होऊ शकते, म्हणून सलाईन आणि रक्ततपासणी चुकवता येत नाही.

लाभ किती, हे रुग्णाला मोकळेपणाने सांगायला हवे. २००८ साली पाच चाचण्यांतील ४,५८४ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. शस्त्रक्रियेनंतर किमो घेतलेल्या शंभर जणांत, न घेतलेल्यांच्या तुलनेत, पाच वर्षांनी सुमारे पाच जण अधिक जिवंत होते. बाकीच्यांपैकी काही किमोविनाही जगले असते, काही किमो घेऊनही वाचले नाहीत. ते पाच कोण, हे आधी ओळखता येत नाही. म्हणूनच झेपेल अशा प्रत्येकाला किमो सुचवतात.

‘गाठ आत असताना किमो कशाला?’ हा नातेवाइकांचा प्रश्न रास्तच आहे. शस्त्रक्रियेपूर्वी अंगात ताकद असते आणि औषध लागू पडते का, हे काढलेल्या गाठीतच दिसते. एका चाचणीत निव्होलुमॅब (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला मदत करणारे औषध) किमोच्या जोडीने दिल्यावर सुमारे २४ टक्के रुग्णांच्या काढलेल्या भागात जिवंत कर्करोगपेशी उरल्या नव्हत्या. नुसत्या किमोने हे प्रमाण सुमारे दोन टक्के होते. हे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले.

गोव्यात १८४२ पासूनची वैद्यकीय शिक्षणाची परंपरा सांगणारे बांबोळीचे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) हे मुख्य सरकारी रुग्णालय. काही जण कोकण रेल्वेने मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात जातात. मुंबईत शस्त्रक्रिया आणि गावाजवळ किमो असे ठरले, तर पॅथॉलॉजीचा अहवाल व डिस्चार्ज कार्ड सोबतच आणावे. नंतरचा किमो साधारण चार ते आठ आठवड्यांत सुरू करतात. कागदांवाचून त्यातले दिवस वाया जातात. ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ या भीतीने पेडणे-सत्तरीच्या एखाद्या घरात बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणे) लांबली, तर गाठ शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर जाऊ शकते.