व्यसनाची माहिती मराठीत आली ती गर्दच्या काळात

आज मोबाइलवर ‘दारू कशी सोडवायची’ असं मराठीत विचारलं, तर लेख आणि व्हिडिओंची रांग लागते. चाळीस वर्षांपूर्वी यातलं काहीच नव्हतं. व्यसन म्हणजे वाईट चाल. त्यावर उपाय म्हणजे शपथ, मार, गंडादोरा, नाहीतर लग्न लावून देणं.

१९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, आली आणि हे सगळे उपाय थिटे पडले. तिला बोलीत ‘गर्द’ म्हणत. सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी घ्यायची, तिच्यावर पूड ठेवायची, खालून काडी ओढायची आणि निघणारा धूर नळीने आत घ्यायचा. दारूसारखा तोंडाला वास नाही, चालताना झोक नाही. त्यामुळे मुलाच्या खिशात पन्नीचे काळवंडलेले तुकडे सापडले तरी आईला त्याचा अर्थ लागत नसे. नशा मिळाली नाही की अंग मोडून येई, उलट्या-जुलाब होत, झोप उडे. याला ही मुलं ‘टर्की’ म्हणत. घरच्यांना ते साधं आजारपण वाटे, आणि तो त्रास टाळायलाच मुलगा पुन्हा गर्दकडे वळे.

लेखक अनिल अवचटांनी या मुलांमध्ये जाऊन वर्तमानपत्रात लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी आर्थिक मदत देऊ केली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता मानसोपचारतज्ज्ञ होत्या, येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. केंद्राच्या आधी लेख आले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. योग्य माहिती लोकांपर्यंत पोचली, म्हणून उपचार उभे राहिले.

अर्थात वाट अगदीच कोरी नव्हती. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये १९३५ साली सुरू झालेली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची चळवळ भारतात १९५७ला पोचली होती. ‘फक्त आजचा दिवस’ हा तिचा मंत्र आजही मराठी सभांमध्ये ऐकू येतो. वांद्र्यात फादर ज्यो परेरांची कृपा फाउंडेशन १९८१पासून व्यसनमुक्तीचं काम करत होती. व्यसन हा आजार आहे, ही भाषा या सगळ्यांमुळे घराघरांत गेली.

कायद्याला मात्र हे समजायला वेळ लागला. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचा भर शिक्षेवर होता. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून संरक्षण देणारं ६४अ कलम त्यात १९८९च्या दुरुस्तीने आलं. अनेक कुटुंबं अजूनही पोलिसांच्या धास्तीने गप्प बसतात. त्यांना या कलमाची माहिती असायलाच हवी.

आता १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानसच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत बोलता येतं. पण मोबाइलवरच्या शोधात ‘सात दिवसांत दारू बंद’, ‘रुग्णाला न कळता औषध’ अशा जाहिरातीही वर येतात, आणि हताश बायको-आई त्यांनाच फोन लावतात. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून उद्भवणारे विकारही येतात. म्हणून केंद्रात दाखल करण्याआधी या कायद्याखालच्या नोंदणीचं प्रमाणपत्र मागावं. रुग्णाला साखळीने बांधायला या कायद्याने सक्त मनाई आहे, मग घरच्यांनी कितीही संमती दिलेली असो.