अंगणातल्या भाड्याच्या घराचं परमिट: अर्ज नेमका कुठे अडतो

कॅलिफोर्नियात मागच्या अंगणात छोटं घर (सगळे त्याला एडीयूच म्हणतात) बांधून भाड्याने द्यायचं असेल, तर कायदा आज घरमालकाच्या बाजूने आहे. तरीही सॅन होजे, फ्रीमाँटकडची आपली मंडळी परत आलेले नकाशे घेऊन हताश बसलेली दिसतात. कारणं बहुतेक तीच ती.

पात्रता सोपी. निवासी प्लॉट आणि त्यावर घर. बाजूंनी आणि मागून चार फूट सोडले, तर ८०० चौरस फुटांपर्यंतच्या एडीयूला प्लॉट लहान आहे म्हणून शहर नाही म्हणू शकत नाही. मालकाने तिथे राहायलाच हवं, अशी अटही आता घालता येत नाही. भाडेकरू मात्र महिन्याहून जास्त मुदतीचा धरा. सुट्टीपुरते पाहुणे बहुतेक शहरांत चालत नाहीत.

आता हे चार फूट कुठून मोजायचे? प्लॉटच्या हद्दीपासून, कुंपणापासून नव्हे! ओळखीच्या एका काकांनी स्वतः टेप लावून चार फूट दोन इंच भरवले होते. सर्व्हेयर आला तेव्हा कळलं, कुंपणच आठ इंच शेजाऱ्याच्या हद्दीत. नकाशा पुन्हा, आर्किटेक्टची फी पुन्हा.

सर्व्हेनंतरचा दुसरा कागद टायटल रिपोर्ट, म्हणजे मालमत्तेची मालकी आणि तिच्यावरची बंधनं सांगणारा अहवाल. तो तुमच्याकडे आहे, फक्त कुठे आहे ते आठवत नाही. घर घेताना सह्या केलेल्या त्या जाडजूड गठ्ठ्यात शोधा. मागच्या कुंपणालगत वीज किंवा सांडपाण्याच्या लाइनसाठी राखलेला पट्टा, म्हणजे ईझमेंट, त्यातच सापडतो. त्यावर बांधता येत नाही, मग चार फुटांचा नियम काहीही म्हणो.

फीबद्दलचा गैरसमज सर्वांत महागात पडतो. ७५० चौरस फुटांच्या आत राहिलात तर इम्पॅक्ट फी (नव्या बांधकामामुळे रस्ते, बागा अशा सोयींवर पडणाऱ्या भारासाठी घेतली जाणारी) माफ. त्याहून मोठं बांधलंत, तर मुख्य घराच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात ती लागू शकते. पण माफी एवढीच. नकाशा तपासणीची आणि परमिटची फी भरावीच लागते, आणि ५०० चौरस फुटांच्या वर गेलात तर शाळा डिस्ट्रिक्टही हात पुढे करतं.

६० दिवसांत निर्णय, हे खरं. पण ते दिवस अर्ज ‘पूर्ण’ ठरल्यापासून मोजतात, अपलोड केल्यापासून नाही. एक पान राहिलं की घड्याळ सुरूच होत नाही. तुम्हीच मुदत मागितलीत तर तेवढे दिवस ते थांबतं. मात्र अर्ज नाकारला तर सगळ्या त्रुटी लेखी आणि एकदम देणं शहरावर बंधनकारक आहे. हप्त्याहप्त्याने चुका काढल्या जात असतील, तर नम्रपणे पण ठामपणे ही यादी मागा.

राज्याचं ४०,००० डॉलरचं अनुदान अजून व्हॉट्सॲपवर फिरतं. तो निधी २०२३ च्या अखेरीसच संपला. ‘मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

परवडणाऱ्या भाड्याची हमी देऊन सवलत घेणार असाल, तर तिचा करार नीट वाचा. सॅन दिएगोत एक एडीयू कमी किंवा मध्यम उत्पन्नवाल्यांसाठी राखला की आणखी एक बांधायला मिळतो; २०२५ पासून प्लॉटच्या आकारानुसार त्यावर मर्यादा आहे. बंधन १० किंवा १५ वर्षांचं असतं आणि ते मालमत्तेच्या नोंदीवर चढतं. मधेच घर विकलंत तर ते घेणाऱ्याच्या माथी जातं, आणि घेणारा किंमत पाडून मागतो.