कपाळाच्या कातडीचं नाक: पुणे ते लंडन

बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेच्या कॅन्सरचा गोऱ्या लोकांत सर्रास दिसणारा प्रकार. आपल्याकडे तो कमी. त्याला नाक फार आवडतं. गाठ कापल्यावर नाकाला मोठं भगदाड पडलं, तर ते बुजवायला सर्जन आजही कपाळाची कातडी खाली वळवतात. ही पद्धत युरोपात पोचली ती पुण्याहून.

कावसजी हा इंग्रज फौजेबरोबरचा मराठा बैलवाला. १७९२च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या माणसाने त्याला नवं नाक बसवलं. आधी मेणाचं नाक बेतलं, ते कपाळावर सपाट पसरून आखणी केली, तेवढी कातडी सोडवली. भुवयांमधला देठ तेवढा जोडलेला ठेवला, म्हणजे रक्त चालू राहतं. कातडी फिरवून जागेवर बसवली आणि पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या वर ठेवल्या. चार दिवसांनी तुपाच्या पट्ट्या. देठ कापला पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास. हा वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४मध्ये छापून आला. त्यात रुग्णाचं नाव आहे, पाहणाऱ्या इंग्रज डॉक्टरांची आहेत. हात ज्याचा, त्याचं नाही. सगळं श्रेय सुश्रुताला देऊन मोकळं होण्याची घाईही नको, कारण सुश्रुतसंहितेत कातडी गालाची आहे.

तो वृत्तांत वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जनने आधी प्रेतांवर सराव केला, १८१४मध्ये जिवंत रुग्णावर शस्त्रक्रिया केली आणि १८१६मध्ये त्यावर पुस्तक काढलं.

विसाव्या शतकात अमेरिकेत फ्रेडरिक मोह्‌स यांनी पातळ थर काढून, प्रत्येक थराच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासत कॅन्सर संपवायची रीत घातली. त्यामुळे निरोगी कातडी नाहक जात नाही. १९८५मध्ये बर्जेट आणि मेनिक या सर्जनांनी नाकाचे शेंडा, दांडी, नाकपुड्या असे भाग पाडले: अर्ध्याहून जास्त भाग गेला, तर तो पूर्णच नवा करा, म्हणजे व्रण भागांच्या सीमेवर लपतो. मेणाऐवजी आता बऱ्याचदा टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटाचा चंदेरी कागद कापून माप घेतात. देठ मात्र अजूनही साधारण तीन आठवड्यांनीच कापतात.

कानाच्या बाबतीत आपलं नाव तरी राहिलं. पुण्याच्या कोंढव्यात कुष्ठरुग्णांवर काम केलेले सर्जन नोशीर अंटिया आणि त्यांचे सहकारी बुच यांनी १९६७मध्ये उरलेला कानच सरकवून त्याची गेलेली कड सांधायची पद्धत मांडली. कानाच्या कडेचा कॅन्सर काढल्यावर परदेशातही तिला ‘अंटिया-बुच फ्लॅप’च म्हणतात (फ्लॅप म्हणजे रक्त चालू ठेवून सरकवलेला भाग).